मुद्दाम नाही हो, प्रयोग चाललाय!

"आमची छोटी चमचा मुद्दाम पाडते आणि वर आपल्याकडेच बघते" ही एका पालकांची तक्रार वाचून हसू आलं. आमचे सव्वा वर्षाचे चिरंजीव सध्या याच कामावर आहेत. पण तो खोडसाळपणा नव्हे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी साधारण १२ ते १८ महिन्यांच्या मुलांबद्दल हेच लिहिलंय: तीच कृती जराशी बदलून पुन्हा करायची आणि काय होतं ते बघायचं. चमचा वाजतो, उशी वाजत नाही, बाबांचा चष्मा पाडला की बाबाच वाजतात! न फुटणाऱ्या वस्तूंची टोपली हाताशी ठेवून पाहा. (मोबाइल दिसला की टोपली विसरतात, ते वेगळं.) घर अचानक शांत झालं तर मात्र आधी बाथरूम गाठा. बादली भरून ठेवूच नका, चार बोटं पाणीही धोक्याचं असतं.