मदत हवी आहे: हिरोशी योशिदांचे चित्र त्यांच्या हयातीतलेच का?

नमस्कार मंडळी. मामांच्या कपाटात ताजमहालाचा एक जपानी लाकडी ठशाचा छाप सापडला. चांदणी रात्र, निळा-करडा रंग. खाली पेन्सिलीने इंग्रजीत ‘हिरोशी योशिदा’ अशी सही दिसते.

योशिदा (१८७६–१९५०) मूळचे तैलरंग आणि जलरंगवाले. वातानाबे या प्रकाशकाकडचे त्यांचे सुरुवातीचे लाकडी ठसे १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेले. मग १९२५ पासून त्यांनी स्वतःचीच कार्यशाळा काढली. कोरणारे आणि छापणारे कारागीर पगारी, पण नजर त्यांची. १९३०-३१ मध्ये मुलाला घेऊन ते भारतात आले आणि ताजमहालाची मालिकाच केली. अजिंठा-वेरूळही रंगवले, म्हणून मला जरा जास्तच जिव्हाळा! त्याच ठशांवर रंग बदलून सकाळ, संध्याकाळ, रात्र काढायची त्यांची हातोटी काही औरच.

आता अडचण. त्यांच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या डाव्या समासात ‘जिझुरी’ (स्वतः छापलेले) हा शिक्का असतो, असे वाचले. माझ्या प्रतीचा समास चौकटवाल्याने पुठ्ठ्याखाली चिकटवून टाकलाय. शिवाय त्यांच्या मृत्यूनंतरच्या प्रतींवर सहीचाही शिक्काच असतो म्हणे.

पेन्सिलीची सही आणि छापलेली सही भिंगाखाली कशी ओळखायची? आणि पुठ्ठा सोडवायला पुण्यात कागद-संवर्धन करणारे कुणी माहीत आहे का? वाफ देऊन बघ, असे एकाने सुचवले, पण पाण्यातले रंग म्हटल्यावर माझा हात धजावत नाही.