मदत हवी आहे : जुन्या स्की बोटीच्या गाद्या, त्यांच्या तळफळ्या आणि आतील बाजू नव्याने करण्याबाबत

नमस्कार,

माझ्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधलेली फायबरग्लासची स्की बोट आहे, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला दोराने मागे ओढणारी. इंजिन जवळजवळ मध्यभागी, त्यावर गादी चढवलेली पेटी आणि पेटीच्या लगेच पुढे ओढदोर अडकवायचा खांब, म्हणजे पायलन, असा या बोटींचा नेहमीचा आराखडा. वजन मध्यावर राहिल्यामुळे मागे उठणारी लाट बुटकी राहते आणि स्लॅलम, म्हणजे एकाच स्कीवर नागमोडी वळणे, करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. म्हणूनच ही बोट मोडीत काढण्याचा विचार माझ्या मनात नाही. बाहेरचे कवच, इंजिन आणि सुकाणू उत्तम स्थितीत आहेत. आतली बाजू मात्र पार गेली आहे, आणि मूळच्या वळणाला धक्का न लावता ती मला पुन्हा उभी करायची आहे.

चालकाची खुर्ची, तिच्या शेजारची मागे तोंड केलेली निरीक्षकाची बैठक, मागचा सलग बाक, दोन्ही कडांवरच्या गादीच्या पट्ट्या आणि इंजिनपेटीचे आवरण, एवढे काम आहे. गाद्यांवरचे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेले कापड, कडक झाले असून ते शिवणीच्या रेषेवरच फाटले आहे. त्याला लवचीक ठेवणारी प्लास्टिसायझर द्रव्ये ऊन आणि उष्णतेमुळे हळूहळू निघून जातात, कापड आकसते, आणि सुईच्या छिद्रांनी आधीच कमकुवत झालेली रेषा सर्वांत आधी सुटते, हे मला ठाऊक आहे. मागच्या बाकावर गुलाबी डागही आहेत. कापडाच्या पाठीमागे वाढणारे सूक्ष्मजीव जे रंगद्रव्य तयार करतात, ते प्लास्टिसायझरमध्ये विरघळून आतून वर येते, त्यामुळे वरून कितीही पुसले तरी हे डाग जात नाहीत. थोडक्यात, कापड वाचवण्याचा प्रश्न उरलेला नाही.

खरी काळजी मला कापडाखाली जे दिसले त्याची आहे. मागच्या बाकाची गादी उलटी करून कडेचे कापड बोटांनी ओढले, तर स्टेपल प्लायवूडमधून आपोआप निघून आले. काहींचे पाय गंजून आतच राहिले होते. फळीच्या पुढच्या कडेचे थर ओल्या पुठ्ठ्यासारखे सुटले होते आणि बिजागरीचे स्क्रू जिथे होते तिथे काळी, भुसभुशीत भोके उरली होती. फोम दाबला की तपकिरी पाणी गळत होते, आणि तेही बोट बराच काळ कोरड्या जागी, आच्छादनाखाली उभी असताना. इतके पाणी वरच्या शिवणींतून आत गेले, की जमिनीवर चिकटवलेल्या गालिच्यातून वर चढले, हे मला ठरवता आलेले नाही. त्याचा उलगडा झाल्याशिवाय नवे कापड चढवणे मला पटत नाही.

म्हणून जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली तळफळ्यांची. मरीन प्लायवूड घेऊन त्याला सर्व बाजूंनी एपॉक्सी, म्हणजे पाणी अडवणारी राळ, लावावे, की एचडीपीईच्या, म्हणजे मुळीच न कुजणाऱ्या प्लास्टिकच्या, फळ्या वापराव्यात? दुसरी फोमची. फोमवर पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळावी असे काहीजण आवर्जून सांगतात, तर तीच फिल्म पाणी आत कोंडून ठेवते असे इतर तितक्याच ठामपणे सांगतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. मूळ गाद्यांवरच्या उभ्या पन्हाळी, म्हणजे लांबट खाचा, शिवलेल्या नसून उष्णता आणि दाब देऊन कापडातच उमटवलेल्या आहेत. तसे ठसे घरी उमटवता येणार नाहीत हे उघड आहे, पण त्यांच्या जागी शिवलेल्या पन्हाळी केल्या तर बोटीचे रूप टिकेल आणि तरीही बसण्याच्या भागात पाणी जाणार नाही, असा काही मार्ग आहे का? शेवटची शंका यंत्राची. माझ्याकडे मजबूत, पण साधे घरगुती शिलाई मशीन आहे. ते या कामाला पुरेल का?

सविस्तर उत्तर दिलेत तर फार उपकार होतील. काम सावकाश झाले तरी चालेल, पण ते पुन्हा उघडण्याची वेळ येऊ नये.

प्रतिसाद

तुम्ही गाद्यांबद्दल विचारले आहे, पण मी जमिनीपासून सुरुवात करतो, कारण गाद्या हे या कामाचे शेवटचे टोक आहे. त्या काळच्या बऱ्याच बोटींत तळात लांबीच्या दिशेने जाणारे स्ट्रिंगर लाकडाचे असून त्यांवर फायबरग्लासचे वेष्टन असते आणि मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. वेष्टनाला कुठे छिद्र पडले की पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. गालिचा काढून टाका आणि प्लास्टिकच्या हातोडीने सगळ्या जमिनीवर ठोकून पाहा. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. इंजिनाच्या पायांचे स्क्रू पान्याने हलकेच आवळून पाहा. ते नुसतेच फिरत राहिले, तर खालचे लाकूड गेले आहे असे समजा. शंका राहिलीच तर स्ट्रिंगरच्या बाजूला एक लहान भोक पाडून भुसा तपासा: फिकट आणि कोरडा निघाला तर उत्तम, काळपट आणि ओला निघाला तर गाद्यांचे काम बाजूला ठेवून आधी जमीन उघडावी लागेल. जमीन ठीक असेल तर भोक एपॉक्सीने लगेच बंद करा.

तळफळीबद्दल माझा कौल प्लायवूडच्या बाजूने आहे. एचडीपीई कुजत नाही हे खरे, पण त्याला जवळजवळ कोणताही गोंद धरत नाही, त्यामुळे फोम केवळ कापडाच्या ताणावर जागी राहतो. लांब बाकावर ती फळी वजनाने वाकते, आणि उन्हात तापून पसरत असल्याने तिच्या स्क्रूंची भोके लांबट ठेवावी लागतात. लहान, चारी बाजूंनी आधार असलेल्या पट्ट्यांना ती उत्तम. बाकासाठी १२ मिमी मरीन प्लायवूड घ्या आणि सगळी कापाकापी, भोके आणि कडांची गोलाई आधी उरकून मगच एपॉक्सी लावा, कारण नंतर पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडलेले दार आहे. कापलेल्या कडा एपॉक्सी सर्वाधिक पितात, तिथे हात आखडू नका. बिजागरीच्या स्क्रूंसाठी भोके हवी त्यापेक्षा मोठी पाडून ती घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडा, म्हणजे स्क्रू लाकडाला स्पर्शच करणार नाही. कीड आणि बुरशी लागू नये म्हणून तांब्याची रसायने मुरवलेले लाकूड मात्र घेऊ नका. त्या रसायनांनी साधे स्टेपल गंजतात. स्टेपल स्टेनलेस पोलादाचेच हवेत, १२ मिमी फळीला १० मिमी पाय पुरतात. स्टेपल एपॉक्सीचा थर भेदतात हे खरे आहे, पण ते खालच्या बाजूने जातात आणि तिथे हवा खेळती राहिली तर फळी टिकते. म्हणून बाकाखालचा कप्पा हवाबंद ठेवू नका.

फोमच्या बाबतीत दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. फिल्म वरून आणि बाजूंनी घाला, खालून मोकळी ठेवा आणि तळफळीला निचऱ्याची भोके पाडून त्यांच्या आतल्या कडाही एपॉक्सीने बंद करा. फिल्मचा आणखी एक फायदा असा की कापड ओढताना ते फोमला न अडकता सरकते. फोम घनमीटरला साधारण ४० किलो घनतेचा घ्या. हलका फोम लवकर बसतो आणि मग कापडावर सुरकुत्या पडतात.

दुसरा प्रतिसाद

वरच्या सविस्तर उत्तराला शिवणकामाच्या बाजूने थोडी भर घालते. घरगुती मशीन एखाददुसरा थर शिवेल, पण पायपिंग (शिवणीत घातलेली गोल किनार) आणि दुमडलेल्या कडा मिळून चार-पाच थर झाले की खालचा थर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो आणि दोन टोके जुळत नाहीत. याला वॉकिंग फूट मशीनच लागते, ज्यात दाबपट्टीसुद्धा कापडाबरोबर पाऊल टाकते. विकत घेणे शक्य नसेल तर काही काळासाठी कुणाकडून मागून आणा. दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा, ९२ क्रमांकाचा घ्या. नायलॉन मजबूत असले तरी उन्हात लवकर कुजते. टाका ४ ते ५ मिमी ठेवा. बारीक टाका घट्ट वाटतो, पण व्हिनाइलला तो फाडण्यासाठी आखलेली रेषाच बनतो.

जुनी कव्हरे उसवून त्यांवरून नमुना काढाल तेव्हा एक लक्षात ठेवा, ती कव्हरे आकसलेली आहेत. जशीच्या तशी आखून कापलीत, तर नव्या, न दबलेल्या फोमवर ती चढणार नाहीत. उसवण्यापूर्वी शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर खुणा करा, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि वरची दिशा लिहा, आणि आधी साध्या कापडाचे एक कव्हर शिवून ते फोमवर चढवून पाहा. व्हिनाइल एका दिशेला जास्त ताणते. ही दिशा सगळ्या तुकड्यांत सारखी ठेवली नाही, तर एकाच गादीचे दोन भाग वेगवेगळे ताणलेले दिसतात.

पन्हाळींबद्दल तुमची तळमळ मला समजते. त्या फक्त पाठीच्या भागावर ठेवा. व्हिनाइलच्या पाठीला ६ मिमी फोम लावून समान अंतरावर रेषा शिवल्या की मूळ रूप बरेचसे जमते, आणि उभ्या भागावरचे पाणी खाली निथळून जाते. बसण्याचा भाग मात्र एकसंध ठेवा. तिथली प्रत्येक शिवण वर साचलेले पाणी आत घेते. रूप जुळावे म्हणून बसण्याच्या भागाला पाठीच्याच रंगाची पायपिंग द्या, आणि ती शिवण वरच्या पृष्ठभागावर न आणता कडेच्या खाली उतरवा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जमिनीवर ठोकून पाहिले. पुढचा भाग खणखणीत आहे, पण मागच्या बाकासमोर इंजिनपेटीच्या डाव्या बाजूला आवाज बद्द येतो आणि त्याच बाजूचा इंजिनाचा एक स्क्रू धरत नाही. म्हणजे पाणी खालूनच वर चढत होते, आणि आधी जमीन उघडायची हे आता ठरले. पन्हाळी पाठीवर आणि एकसंध बैठक, ही तडजोडही मला मनापासून पटली. एक शंका उरते : इंजिनपेटीच्या आतला जुना आवाजरोधक फोम हात लावताच चुरा होऊन पडतो आहे. त्या जागी गाद्यांतून उरलेला फोम लावला तर चालेल का?

प्रतिसाद

गाद्यांचा फोम तिथे मुळीच लावू नका. तो पेट्रोल आणि तेल शोषतो आणि सहज पेट घेतो. इंजिनकक्षासाठी बनवलेले, आगीला दाद न देणारे आणि वरून धातूच्या पातळ पत्र्याचे आवरण असलेले आवाजरोधक मिळते, तेच घ्या. केवळ गोंदावर विसंबू नका, कडेने पट्ट्या आणि स्क्रूही मारा, नाहीतर उष्णतेने ते सुटून इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर (बेल्टवर) पडेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते; म्हणून नवे आवरण आणि गाद्या बसवताना ती वाफ बाहेर फेकणाऱ्या ब्लोअरची (पंख्याची) नळी किंवा हवेच्या जाळ्या कुठेही झाकल्या जाणार नाहीत हे तपासा. जुन्या फोमचा चुरा बिल्जमधून पूर्ण उचला, तो पंपाच्या जाळीत अडकतो. आणि फोम चिकटवण्याचा फवारा बोटीच्या पोटात बसून मारू नका. त्याचे द्रावकही ज्वालाग्राही असते, ते काम बाहेर मोकळ्या हवेतच करा.