ओलातुंजी: वादकाइतकाच मोठा शिक्षक

'प्लॅनेट ड्रम' या तालवाद्यांच्या अल्बममध्ये तबलावादक झाकीरभाईंसोबत (झाकीर हुसेन) वाजवणारे नायजेरियन ड्रमवादक म्हणून बाबातुंदे ओलातुंजी अनेकांना माहीत असतील, त्यात थोडी भर. १९५० साली ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले; १९६० मध्ये 'ड्रम्स ऑफ पॅशन' ही ध्वनिमुद्रिका आली. पण मला त्यांचं शिकवणं जास्त मोलाचं वाटतं. हातांनी वाजवायच्या आफ्रिकी ड्रमचे आघात ते बोलांतून शिकवत: गुन-दुन म्हणजे मधोमध घुमारा, गो-दो कडेचा खुला नाद, पा-ता चापट. प्रत्येक जोडीतलं पहिलं अक्षर उजव्या हाताचं, दुसरं डाव्याचं. तबल्याचे बोल पाठ केलेल्यांना हे लगेच उमगेल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या ओलातुंजींच्या केंद्रातच एप्रिल १९६७ मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन वाजवून गेले, स्वतःच्या मृत्यूच्या जेमतेम तीन महिने आधी. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण निघालंय, जरूर ऐका.