ईएओपीत मुलीचं नाव घालावं का?

मर्सेडची आई: लेक नववीत आहे. शाळेत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) ईएओपीची, म्हणजे मुलांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या कार्यक्रमाची, माणसं येतात. आम्ही दोघं इथे शिकलेलो नाही. नाव घालू का?

फ्रेस्नोकर: जरूर घाला, ताई. १९७६ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत. यूसीत प्रवेशासाठी ए-जी यादीतले, म्हणजे यूसीनं ठरवून दिलेल्या शालेय विषयांतले, १५ कोर्स लागतात, त्यातले ११ बारावीच्या आधी. माझ्या मुलाचा गणिताचा एक वर्ग त्या यादीत नव्हताच, हे दहावीत कळलं! उन्हाळाभर बसून भरून काढला पोरानं. अजून जीव हळहळतो.

निवृत्त शिक्षिका: ‘डी’ मिळाला तर शाळा पास करते, यूसी धरत नाही. किमान ‘सी’ हवा. 

मर्सेडची आई: उद्याच समुपदेशकांना भेटते. यादी छापून नेते.