मदत हवी आहे: पिक अँड रोलमध्ये कोपरा रिकामा ठेवावा का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला १६ वर्षांखालच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. पिक अँड रोल या चालीवर अडकले आहे.

आमची उंच मुलगी थ्री-पॉइंट रेषेच्या वर येऊन पॉइंट गार्डसाठी (बॉल घेऊन चाल रचणारी खेळाडू) स्क्रीन लावते, म्हणजे तिच्या डिफेंडरच्या वाटेत स्थिर उभी राहते, आणि मग रिंगकडे वळते, हाच रोल. स्क्रीन आता छान बसतो. पाय रोवलेले, हात छातीशी, गार्ड अगदी तिच्या कमरेला खांदा घासून निघते. (पूर्वी ती ऐन वेळी सरकायची आणि फाउल व्हायचा.) पण पुढे गर्दी होते. बाकीच्या तिघी बॉलच्या ओढीने आत येतात, त्यांच्या मागोमाग डिफेंडर, आणि पास द्यायला फटच राहत नाही. दोघींना कोर्टच्या कोपऱ्यात उभं केलं, तर समोरचा संघ त्यांना खुशाल मोकळं सोडतो, कारण थ्री-पॉइंट रेषेवरून आमचा नेम अजून बसलेला नाही.

आता वाटतंय, रोलच्या बाजूचा कोपरा रिकामाच ठेवावा आणि तिघींना पलीकडे नेऊन तिथे आणखी एक स्क्रीन लावावा, म्हणजे मदतीला धावणारी डिफेंडर तिकडेच अडकेल. या वयाच्या मुलींकडून कुणी हे करून घेतलंय का? दुसरा स्क्रीन कधी लावायचा, गार्ड निघताच की रोल सुरू झाल्यावर? कृपया सविस्तर सांगा, पोरी फार जीव तोडून खेळतात.