ग्रंथपालांनी विकी शिकावे का?

कपाटातील_पाने : "तालुक्याच्या ग्रंथपालाला विकी (कोणालाही लिहिता-सुधारता येणारी विकिपीडियासारखी संकेतस्थळे) शिकवणे हा वेळेचा अपव्यय आहे, त्याने पुस्तकांची देवघेव नीट सांभाळावी," असे येथे काल लिहिले गेले. या वाक्याने मी अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर लिहितो. मराठी विकिपीडियावरील आपल्या गावांचे लेख उघडून पाहा. कितीतरी लेखांना एकही संदर्भ नाही, आणि तो संदर्भ मात्र आपल्याच कपाटात जुन्या स्मरणिकांमध्ये, बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या बांधीव खंडांमध्ये पडून आहे. अमेरिकेतील शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००६ साली हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ब्लॉग, विकी इत्यादींचा २३ लहान पाठांचा स्वयंशिक्षणक्रम आखला, ज्यात भाषणे ऐकायची नव्हती, प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहायची होती. आपली शिबिरे दीपप्रज्वलन आणि प्रमाणपत्र यांतच संपतात.

देवघेव : ते वाक्य माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. शार्लटचे कर्मचारी पगारी होते. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा होऊन इतकी वर्षे लोटली, तरी ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, ग्रंथालयात दार उघडण्यापासून दाखलनोंदवहीपर्यंत (नव्या पुस्तकांच्या नोंदीपर्यंत) सारे एकच माणूस करतो, आणि त्याच्या हाती येणाऱ्या रकमेला वेतन म्हणणे कठीण आहे. त्याच्याकडून ज्ञानकोशासाठी फुकट श्रम मागण्यापूर्वी त्याच्या वेतनश्रेणीबद्दल बोला.

शाईचा_डाग : वेतनाइतकाच मोठा प्रश्न फॉन्टचा आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. आमच्या संस्थेने ठेकेदाराकडून तालिका, म्हणजे ग्रंथांची सूची, टंकित करून घेतली, तीही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेत पद्धत). त्यात देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सारी तालिका निरर्थक चिन्हांची होते आणि शोध लागतच नाही. अशा तालिकेवरून विकीवर काय उतरवणार?

मुद्रितशोधक : जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा फॉन्ट परिवर्तक वापरावा. ते विनामूल्य मिळतात.

शाईचा_डाग : वापरून पाहिल्यावरच लिहितो आहे. रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी सरकते, जोडाक्षरे तुटतात, आणि लेखकाचे आडनाव एकदा बिघडले की त्याची पुस्तके दोन नावांखाली विभागली जातात. हजारो नोंदी हाताने तपासणारा माणूस कोठून आणायचा, हे परिवर्तकाचे नाव सांगणाऱ्यांनी आधी सांगावे.

मुद्रितशोधक : आपला रोष माझ्यावर का? चूक ठेकेदाराची आणि काम न तपासता देयक मंजूर करणाऱ्या कार्यकारिणीची आहे. तेथे एका जरी व्यक्तीला युनिकोड ठाऊक असते, तरी हे काम स्वीकारले गेले नसते.

कपाटातील_पाने : प्रशिक्षणाची गरज याहून स्पष्ट कशी सांगणार? तंत्र न शिकण्याची किंमत आपण आधीच मोजली आहे. शिवाय संदर्भ देण्यासाठी जुनी तालिका रूपांतरित करावी लागत नाही. पुस्तक हातात घ्यावे; लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष, पृष्ठक्रमांक इतके लिहावे. हे तर तालिकीकरण शिकलेल्या ग्रंथपालाचे रोजचे काम आहे. प्रत्येक ग्रंथपालाने विकिपीडियावर एक संदर्भ जोडावा, अशी जागतिक मोहीम २०१६ पासून चालते.

देवघेव : एक संदर्भ जोडणे शक्य आहे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. पण उद्या त्याचीच सक्ती होईल आणि तपासणीच्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढेल, हे मी अनुभवाने सांगतो.

कपाटातील_पाने : सक्तीला माझाही विरोध आहे. प्रशिक्षण कामाच्या वेळेत व्हावे आणि त्या दिवसाचा प्रवासखर्च व भत्ता मिळावा, ही मागणी आपण एकत्र मांडू शकतो.

देवघेव : भत्त्याची मागणी निवेदनात पहिल्या क्रमांकावर असेल, तरच माझी सही मिळेल.