जुनं घर आणि हादरणारं वॉशिंग मशीन : तुमचे अनुभव सांगा

आमची गिरगावातली चाळ, तिसरा मजला. दिवाळीच्या आधी फ्रंट लोड मशीन घेतलं. पहिल्याच धुण्याला, शेवटचं पिळणं सुरू झालं तसं सगळी खोली थरथरायला लागली. फडताळातल्या डब्यांची झाकणं वाजू लागली आणि पाच मिनिटांत खालच्या काकू दारात उभ्या. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांच्या देवघरात टांगलेला दिवा झुलत होता आणि छताच्या कोपऱ्यातून चुन्याचे पोपडे गळत होते.

आमची इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी), म्हणजे ३० सप्टेंबर १९६९च्या आधीची. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, वर भर आणि फरशी. आईच्या मनगटाला आता पिळणं झेपत नाही, त्यामुळे मशीन परत करायचं नाही. पण काकूंच्या डोक्यावर रोज हादरे द्यायचे, हेही मला पटत नाही. जुन्या घरात मशीन चालवणाऱ्यांनी कृपया लिहा: जमीन कसली, मशीन कोणतं, काय केलं आणि काय फसलं. फसलेलं तर नक्की लिहा.

*

पुणे, सदाशिव पेठ. वाड्याची माडी, कडीपाटाची जमीन, म्हणजे लाकडी कड्यांवर (तुळयांवर) फळ्या.

आम्ही आधी बाजारातले जाड मऊ रबरी पॅड आणून चारी पायांखाली घातले. आमच्याकडे त्याने थरथर कमी नाही, उलट वाढली. जमीन आधीच लवचीक, त्यावर पॅडही मऊ, मग मशीन डुलायलाच लागलं. शेवटी वाड्याची कामं करणारे एक जुने सुतार आले. त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. टाच आपटत खोलीभर फिरले आणि म्हणाले, "मशीन बरोबर मधोमध उभं केलंय तुम्ही. इथं कडी सगळ्यात जास्त लवते. भिंतीत शिरते तिथं न्या." मधला गाळा आणि भिंतीलगतचा कोपरा यांतला फरक त्यांनी मला टाच आपटूनच दाखवला. एकीकडे पोकळ, घुमणारा आवाज, दुसरीकडे घट्ट, बसका.

कोपऱ्यात न्यायचं तर नळ लांब, सांडपाण्याची नळीही पुरेना. प्लंबरला बोलवून दोन्ही वाढवून घेतलं. खर्च त्या नळकामाचाच झाला. मशीन मात्र त्या दिवसापासून जागचं हललेलं नाही.

*

तीस वर्षं मी नाशकात मशीन दुरुस्तीचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली परीक्षा फुकटची आहे. मशीन रिकामं ठेवून नुसतं स्पिनवर लावा. रिकामं शांत चाललं तर दोष बहुतेक वेळा कपडे भरण्यात किंवा जमिनीत. रिकामंही धडधडत असेल तर मशीन तपासायचं.

नवीन फ्रंट लोड असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढले आहेत का, ते बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात. ते तसेच राहिले तर ड्रमचे धक्के स्प्रिंगमध्ये न जिरता थेट सांगाड्यात उतरतात. घाईच्या जोडणीत ते राहून गेलेले मी अनेक घरांत पाहिलेत. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

मग पाय. मशीनच्या डोक्यावर तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबा. जरा जरी डुगडुगलं तर एक पाय अधांतरी आहे. पान्याने उंची जुळवा, वर स्पिरिट लेव्हल आडवी-उभी ठेवून बघा आणि पायावरचा लॉक नट वर बॉडीला आवळा. हा नट लोक विसरतात, मग थरथरीने पाय हळूहळू फिरतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मोरीत मशीन असेल तर आणखी काळजी घ्या, कारण तिथल्या फरशीला पाणी वाहण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो.

मशीन जुनं असेल तर प्लग काढून ड्रम हाताने फिरवा. खरखर आली किंवा ड्रम वर-खाली करताना खुळखुळला तर बेअरिंगकडे बघा. फ्रंट लोडचा ड्रम खाली दाबून सोडा. तो एखाद्या झोक्यात थांबला पाहिजे, झुलतच राहिला तर शॉक ॲब्सॉर्बर गेले. टॉप लोडमध्ये टब चार दांड्यांवर टांगलेला असतो, त्यांतली एक जरी सैल झाली तरी टब कडेला आपटतो.

आता जुन्या घरांचं. ड्रमच्या कडेला पाव किलोचा ओला गोळा एकाच बाजूला जमला आणि ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेऊ लागला, तर तो गोळा ड्रमला साधारण १०० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. फेरे ६०० केले तर हा जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, म्हणजे २५ किलो. सगळाच जोर जमिनीपर्यंत पोचत नाही, बराचसा स्प्रिंग आणि ड्रमला बांधलेलं जड वजन झेलतं. पण लाकडी जमिनीची स्वतःची एक हलण्याची लय असते. ६०० फेरे म्हणजे सेकंदाला १० धक्के. जमिनीची लय त्याच्या जवळपास असेल तर वेग चढताना किंवा उतरताना मधल्याच एका टप्प्यावर घर सगळ्यात जास्त हादरतं, पूर्ण वेगाला नाही. गिरगावकरांनी हे नीट ऐकून लिहावं: हादरा कोणत्या क्षणी येतो?

*

नागपूर. आमच्याकडे फक्त गोधडीने व्हायचं. एकटी गोधडी टाकली की ती पाणी पिऊन एका बाजूला बसते. मशीनला तोल कळतो, ते थांबून पुन्हा पाणी घेऊन गोधडी सोडवू बघतं आणि घड्याळ तिथेच अडकतं. आता सोबत दोन-तीन टॉवेल टाकते. सोलापुरी चादर असेल तर दोन एकदम.

*

रत्नागिरीजवळचं गाव, चिऱ्याचं घर. मशीन सेमी-ऑटोमॅटिक, मागच्या पडवीत.

आमच्याकडे लाकूड नाही, माती आहे. जुन्या लाद्या नुसत्या मातीवर बसवलेल्या. पावसाळ्यात खालची माती भिजली की एक लादी दबायची, मशीनचा तो पाय खाली जायचा आणि ड्रायर लावला की मशीन चालत दारापर्यंत यायचं. दोन वर्षं आम्ही पायाखाली लाकडाच्या चकत्या सरकवत होतो. शेवटी गवंड्याकडून तेवढ्या लाद्या काढून घेतल्या, खाली दगडाची भर चोपून घेतली आणि मशीनपुरता कोबा केला. एकदाच काय ते काम झालं. आणि ड्रायरमध्ये कपड्यांवर जाळीचं झाकण दाबून बसवायला विसरू नका. ते नसलं की कपडे वर चढतात आणि ड्रायरचा तोल जातो.

*

लंडनहून लिहिते आहे. व्हिक्टोरियन काळातलं रांगेतलं घर, शेजारच्यांची आणि आमची भिंत एकच. स्वयंपाकघरातच मशीन, खाली तुळयांवर फळ्या, फळ्यांखाली पोकळी. पुण्याच्या सुतारकाकांचं वाचून माहेरची माडी आठवली, गोष्ट तीच.

आम्ही फळ्या उचलून तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे बसवून घेतले आणि वर १८ मिलिमीटरचं प्लायवूड तुळयांना आडवं जाईल असं स्क्रूने आवळलं. नुसतं वर ठेवलेलं प्लायवूड उपयोगाचं नाही, तेच वाजायला लागतं. स्पिन १४००वरून ८००वर आणला. त्याने कपडे जास्त ओले निघतात आणि इथल्या हिवाळ्यात वाळायला वेळ लागतो, हे खरं. पण शेजारी तान्हं बाळ आहे. मी ते मान्य केलं.

*

मी खाली राहणारी. ठाण्यातली जुनी इमारत, वर मशीन.

वर मशीन लावणाऱ्याला कळतच नाही की खाली काय होतं. वर नुसता आवाज असतो. खाली छत हलतं, आणि जुन्या छताखाली राहणाऱ्या माणसाच्या मनात एकच विचार येतो. मी बरेच महिने बोलले नाही, कारण वरची सून नोकरी सांभाळून रात्री दहाला कपडे लावायची आणि मला तिची दगदग दिसत होती. मग तीच एकदा जिन्यात विचारायला आली. आता ती निघण्यापूर्वी सकाळी लावते आणि शनिवारी जाड कपडे लावायच्या आधी मला हाक मारते. हादरा अजून थोडा येतो. पण कधी येणार ते माहीत असलं की छातीत धस्स होत नाही.

*

पुन्हा गिरगाव. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, विशेषतः ठाण्याच्या ताईंना.

काय केलं ते सांगतो. ट्रान्झिट बोल्ट निघालेले होते, पण एक पाय खरोखर अधांतरी होता. मशीन मधल्या गाळ्यातून रस्त्याकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात, तुळईच्या टोकावर नेलं. स्पिन ६००वर. आई वर बटण दाबते आणि मी काकूंच्या खोलीत बसून ऐकतो. नाशिकच्या काकांनी सांगितलं तसंच निघालं: हादरा वेग चढतानाच येत होता, साधारण दहा-बारा सेकंद. आता तिथे बारीक गुणगुण येते, दिवा हलत नाही.

काकूंच्या छतालगत भिंतीत एक भेग आहे. ती आमच्यामुळे पडली की आधीचीच, हे मला कळायला हवं होतं. मिस्त्रींनी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने दोन्ही टोकांना चिकटवली आणि शेजारी तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. सात आठवडे झाले, काच शाबूत आहे. पावसाळ्यात लाकूड फुगेल, भिंती ओल धरतील, तेव्हा पट्टी पुन्हा बघायला खाली जाणार आहे. तडकली तर मशीन बंद ठेवून आधी इमारत दाखवून घेईन, हे काकूंना सांगून ठेवलं आहे.